घरातील यंत्रे : रॅम वाढवली आणि कॉम्प्युटर कोसळू लागला

गेल्या काही महिन्यांत उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथून आलेल्या पत्रांचा गठ्ठा आम्ही एकदा सलग वाचून काढला. हस्ताक्षरे निरनिराळी, पण तक्रार एकच. घरी असेम्बल केलेला कॉम्प्युटर चार-पाच वर्षे बरा चालला. पुढे मुलांच्या अभ्यासाला, घरबसल्या कामाला तो हळू पडू लागला. कोणीतरी सांगितले, रॅम वाढवा. पोटाला चिमटा काढून रॅम वाढवली आणि तेव्हापासून कधी निळी स्क्रीन, कधी जागच्या जागी हँग, तर कधी यंत्र आपल्या मनाने बंद होऊन आपल्या मनाने सुरू. जास्तीची वस्तू घातल्यावर कमी काम व्हावे हे कोडे घरातल्या कोणालाच उलगडत नाही, आणि दुकानदाराला विचारावे तर तो म्हणतो, मदरबोर्ड गेला.

यातले एक पत्र आम्ही थोडक्यात देतो, कारण त्यात सगळ्यांची कहाणी आली आहे. अंबरनाथ पूर्वेचे कुटुंब. वडील एमआयडीसीत कंत्राटी कामगार, आई घरी शिवणकाम करते. मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असून रात्री उल्हासनगरच्या दोन दुकानदारांची खाती टॅलीत भरून देते. त्या पैशातून तिच्या धाकट्या भावाच्या क्लासची फी निघते. यंत्रात ४ जीबीची जुनी रॅम होती, तिच्या जोडीला ८ जीबीची दुसरी, वापरलेली पट्टी आणून लावली. आठवड्यात तीन वेळा निळी स्क्रीन आली. दुरुस्तीवाल्याने पहिल्या दिवशी विंडोज 'फॉरमॅट मारली'. त्यात एका दुकानाची तीन महिन्यांची खाती गेली, शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी स्कॅन करून ठेवलेली जातीच्या दाखल्याची आणि गुणपत्रिकांची प्रत गेली. दोन दिवसांनी निळी स्क्रीन परत हजर. मग त्याने मदरबोर्ड बदलण्याचे साडेसहा हजार सांगितले. मुलीने अकरा रात्री बसून बिलांवरून खाती पुन्हा भरली आणि आम्हाला विचारले आहे, साडेसहा हजार घालावेत की नाही?

उत्तराआधी ही रॅम म्हणजे काय ते समजून घेऊ. (आपल्याकडे सगळ्या लोखंडी डब्यालाच 'सीपीयू' म्हणण्याची पद्धत पडली आहे. म्हणावे, त्याने काही बिघडत नाही. पण दुरुस्तीवाला 'सीपीयू बदलावा लागेल' म्हणाला तर तो डब्याविषयी बोलतो आहे की आतल्या चिपविषयी, हे मात्र विचारून घ्यावे.) हार्डडिस्क हे घरातले कपाट आणि रॅम हा स्वयंपाकाचा ओटा. कपाटातले सामान ओट्यावर काढल्याशिवाय स्वयंपाक होत नाही. ओटा लहान असला की दर वेळी सामान काढा-ठेवा करावे लागते, म्हणून यंत्र हळू पडते. ओटा मोठा केला की काम भराभर होते. लाईट गेली की ओटा आपोआप धुऊन निघतो, कपाटातले मात्र राहते.

८ जीबीच्या एका पट्टीत सुमारे ६,८७२ कोटी सूक्ष्म खोल्या असतात. प्रत्येक खोलीत विजेचा कण भरलेला असणे म्हणजे एक आणि रिकामी असणे म्हणजे शून्य. या खोल्या गळक्या असतात, म्हणून यंत्र साधारण दर ६४ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा, प्रत्येक खोली तपासून पुन्हा भरत असते. एवढ्या कोटी खोल्यांतली एक जरी जास्त गळकी निघाली, तरी तिथे लिहिलेला एक शून्य म्हणून वाचला जातो. ती खोली एखाद्या फोटोच्या वाट्याला आली तर फोटोत एक ठिपका चुकेल, कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण विंडोजच्या स्वतःच्या सूचना तिथे लिहिलेल्या असतील, तर विंडोज भलत्या पत्त्यावर जाते, आपण चुकलो हे तिला कळते आणि आणखी नुकसान होऊ नये म्हणून ती सगळे काम थांबवते. निळी स्क्रीन म्हणजे हेच थांबणे. लोक तिला शत्रू समजतात. आमच्या मते तिच्याइतका प्रामाणिक नोकर शोधून सापडणार नाही. जे यंत्र न थांबता चुकीचा आकडा पुढे लिहीत राहते, ते खरे घातक.

एका खोलीने काय होते याचे एक उदाहरण जगभर सांगितले जाते. १८ मे २००३ रोजी बेल्जियमच्या निवडणुकीत शारबेक या भागात मतदान यंत्राने एका उमेदवाराला ४,०९६ मते जास्त दाखवली. पडणे शक्य होते त्याहूनही तो आकडा मोठा निघाला म्हणून चूक पकडली गेली. ४,०९६ हा आकडा दोनाला दोनाने गुणत गेले की बाराव्या टप्प्यावर येतो, म्हणजे मेमरीतल्या नेमक्या एका खोलीत शून्याचा एक झाला होता. यंत्र पुन्हा पुन्हा तपासले, दोष सापडला नाही. अंतराळातून आलेल्या किरणांनी तसे झाले असावे असा तर्क केला गेला, पण तो तर्कच. एका माणसाचे एक मत ज्यांना लढून मिळाले आहे, त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. असो.

घरच्या यंत्रात मात्र अंतराळापर्यंत जायचे कारण नाही. गूगल कंपनीच्या हजारो यंत्रांचा अडीच वर्षे अभ्यास करून २००९ साली एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यात दर वर्षी आठ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांत एखादी तरी चूक नोंदली गेली होती, आणि त्यातल्या बऱ्याचशा योगायोगाच्या नव्हत्या, पट्टीतल्या कायमच्या दोषाच्या होत्या. त्या मोठ्या यंत्रांत चूक ओळखून दुरुस्त करणारी महागडी रॅम असते. आपल्या घरच्या रॅममध्ये ती सोय नसते.

शिवाय मेमरी वाढवल्याने यंत्र कोसळणे ही काही आजची तक्रार नव्हे. विंडोज ९५ आणि ९८च्या काळात ५१२ एमबीपेक्षा जास्त रॅम घातली की विंडोज 'मेमरी अपुरी आहे' असे सांगून अडून बसत असे. जास्त मेमरी दिल्यावर कमी पडल्याची ओरड! एवढ्या मेमरीसाठी तिची रचनाच नव्हती. 'सिस्टम डॉट आयएनआय' या फाइलीत एक ओळ घालून ते निस्तरावे लागे, आणि तो उपाय मायक्रोसॉफ्टनेच सांगितला होता. पुढे एक्सपी आणि ३२ बिटच्या विंडोज ७मध्ये वेगळा प्रकार झाला. ४ जीबी लावली तरी यंत्राला तीन-साडेतीनच दिसे, वरचे पैसे पाण्यात. आजही कोणाच्या घरी ३२ बिटची विंडोज असेल, तर ४ जीबीच्या पुढे रॅम विकत घेण्यात काही अर्थ नाही. 'माय कॉम्प्युटर'वर उजवे बटण दाबून 'प्रॉपर्टीज' पाहिले की ३२ की ६४ ते लिहिलेले असते.

आता मुलीच्या प्रश्नाकडे वळू. आम्ही तिला कळवले की साडेसहा हजार तर नाहीच, सहाशेही घालू नका, आधी आम्ही सांगतो तसे करून पाहा. तेच इथे सविस्तर देतो.

सगळ्यात आधी फॉरमॅट थांबवावा. आपल्या भागात कोणत्याही दुखण्यावर फॉरमॅट हेच औषध दिले जाते. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, अशातला हा प्रकार आहे. रॅम खराब असताना नवी विंडोज टाकली तर ती त्याच गळक्या ओट्यावरून कपाटात जाते, म्हणजे पहिल्या दिवसापासून सदोष. वर घरातला मजकूर पुसला जातो तो वेगळाच. खराब रॅम असताना पेन ड्राइव्हवर प्रती काढणेही धोक्याचे, कारण प्रत त्याच ओट्यावरून जाते आणि नकळत बिघडू शकते. म्हणून क्रम असा ठेवावा : आधी नवी पट्टी काढून यंत्र पूर्वीच्या स्थितीत आणावे, ते दोन-तीन दिवस नीट चालते आहे याची खात्री करावी, मग दाखले, गुणपत्रिका, खाती यांच्या प्रती पेन ड्राइव्हवर घ्याव्यात, आणि त्या दुसऱ्या कोणाच्या यंत्रावर उघडून पाहाव्यात. मगच पुढची तपासणी. जातीचा दाखला आणि पडताळणी प्रमाणपत्र यांच्या प्रती तर नेहमीच दोन ठिकाणी असाव्यात. महाडीबीटीच्या अर्जाची मुदत आपल्या मदरबोर्डासाठी थांबत नाही.

निळ्या स्क्रीनवरचा मजकूर मोबाइलने टिपून ठेवावा. यंत्र लगेच पुन्हा सुरू होत असेल तर 'सिस्टम प्रॉपर्टीज'मधल्या 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'त 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट'पुढची खूण काढावी, म्हणजे स्क्रीन थांबून राहते. 'मेमरी मॅनेजमेंट', 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया', 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर ईक्वल' असे दर वेळी वेगळे शब्द येत असतील, तर संशय रॅमवर घ्यावा. दर वेळी तेच शब्द आणि खाली त्याच एका फाइलीचे नाव येत असेल, तर बहुधा ड्रायव्हरचा दोष. निळी स्क्रीन न येताच यंत्र खटकन बंद होत असेल, तर वीज किंवा एसएमपीएस. फक्त गेम खेळतानाच कोसळत असेल तरी एसएमपीएस नाहीतर उष्णता पाहावी. हे ठोकताळे आहेत, पण दुकानात जाऊन आपण एवढे सांगितले की समोरच्याचा सूर बदलतो, हा बऱ्याच वाचकांचा अनुभव आहे.

मग डबा उघडावा. वायर बोर्डातून काढून घ्यावी, नुसते बटण बंद करून भागत नाही. त्यानंतर चालू करण्याचे बटण दहा सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. नायलॉनची साडी किंवा सिंथेटिक कपडे अंगावर असतील तर हाताला आधी डब्याचे उघडे लोखंड लावावे, कारण अंगावरच्या विजेने रॅम जाऊ शकते. दोन्ही पट्ट्या काढून सोनेरी दाते पाहावेत. दाते काळपट असतील तर शाळेतल्या मुलाचे मऊ पांढरे खोडरबर हलक्या हाताने फिरवावे आणि चुरा ब्रशने झाडून टाकावा. दुरुस्तीवाले वर्षानुवर्षे हेच करतात आणि त्याचे पन्नास-शंभर रुपये घेतात. मात्र शाईचे खरखरीत रबर किंवा पॉलिश पेपर कदापि लावू नये. दात्यांवरचा सोन्याचा मुलामा अत्यंत पातळ असतो, तो एकदा गेला की परत येत नाही. पट्टी बसवताना दोन्ही टोकांना 'टक' असा आवाज आला पाहिजे. एका बाजूची खिटी एका केसाने वर राहिली तरी यंत्र चालू होते, चालते आणि मध्येच कोसळते.

इथे आपल्या गावांविषयी बोलणे भाग आहे. अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीचा वास रात्री कोणत्या दिशेने येतो हे वाचकांना आम्ही सांगायला नको. वालधुनीच्या काठी तर २०१४च्या नोव्हेंबरात टँकरमधून ओतलेल्या रसायनाने शेकडो लोकांना रुग्णालयात जावे लागले होते. जी हवा माणसाच्या घशाला लागते ती तांब्या-चांदीला लागत नाही असे थोडेच आहे! देवाणघेवाणीचे चांदीचे पैंजण काळे पडतात तेच यंत्राच्या आतही घडते. १ जुलै २००६पासून युरोपात शिशाच्या डाखेवर बंदी आली, तेव्हा अनेक कारखानदारांनी बोर्डांना चांदीचा थर द्यायला सुरुवात केली. पुढे आशियातल्या औद्योगिक शहरांत गंधकाच्या हवेने असे बोर्ड काळे पडून बंद पडू लागले, तेव्हा त्यावर जगभर चर्चा झाली. कामगाराच्या वस्तीतल्या यंत्राचे आयुष्य मलबार हिलवरच्या यंत्रापेक्षा कमी का, याचे एक उत्तर हवेत आहे. पावसाळ्यात दमटपणाची भर पडते. वापर असो-नसो, पावसाळ्यात यंत्र रोज तासभर चालू ठेवावे, आतल्या उबेने ओल धरत नाही. नदीकाठच्या दारा-खिडकीसमोर डबा ठेवू नये.

बदलापूर पश्चिमेला हेंद्रेपाडा, रमेशवाडी या भागांत तळमजल्यावर राहणाऱ्यांना आणखी एक सांगणे. २६ जुलै २००५चा पूर सर्वांना आठवतो. २७ जुलै २०१९ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणी दरम्यान पाण्यात अडकली, त्या दिवशी उल्हास नदीचे पाणी घरांतही होते. टेबलाखाली जमिनीवर ठेवलेला डबा अशा वेळी सर्वांत आधी जातो. भिजलेले यंत्र चालू करून पाहू नये, नुसते वाळले म्हणूनही चालू करू नये. अशा यंत्रांतल्या पट्ट्या पुढे बाजारात येत नाहीत असे कोणी छातीठोक सांगू शकत नाही. म्हणून वापरलेली रॅम घेताना चिपांच्या पायांशी पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड दिसली तर ती तिथेच परत द्यावी.

आता खरी परीक्षा. एका वेळी एकच पट्टी लावावी. पहिली पट्टी पहिल्या खाचेत, मग तीच दुसऱ्या खाचेत. मग दुसरी पट्टी त्याच दोन खाचांत. एकच पट्टी दोन्ही खाचांत चुकत असेल तर पट्टी वाईट. दोन्ही पट्ट्या एकाच खाचेत चुकत असतील तर खाच वाईट, म्हणजे मदरबोर्ड. मदरबोर्डला दोषी ठरवायचा हा सरळ मार्ग सोडून दुरुस्तीवाले अंदाजाने निकाल देतात, याचे आम्हाला नवल वाटते. परीक्षा घेण्यासाठी विंडोजमध्येच 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' नावाची सोय आहे. ती ढोबळ दोष पकडते. बारीक दोषासाठी 'मेमटेस्ट ८६ प्लस' हा फुकट मिळणारा कार्यक्रम पेन ड्राइव्हवर घ्यावा (त्यावरचा जुना मजकूर पुसला जातो, तेव्हा रिकामा ड्राइव्ह वापरावा) आणि यंत्र त्यावरून सुरू करावे. रात्री जेवणे झाल्यावर लावून द्यावे, सकाळी पाहावे. निदान चार फेऱ्या झाल्या पाहिजेत. चुकांच्या रकान्यात शून्य असेल तरच पट्टी चांगली. 'एकच तर चूक आहे' असे म्हणून चालत नाही. ६,८७२ कोटींत एक वाईट म्हणजे वाईटच.

अंबरनाथच्या मुलीने पाच रात्री हे केले. सगळ्यांचा संशय नव्या पट्टीवर होता. आम्हालाही पत्र वाचून तसेच वाटले असते, तर त्यात गैर काही नव्हते. प्रत्यक्षात वापरलेली म्हणून आणलेली ८ जीबीची पट्टी स्वच्छ निघाली आणि घरातली आठ वर्षांची जुनी ४ जीबीची पट्टी दोन्ही खाचांत दुसऱ्या फेरीपासून चुका दाखवू लागली. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याची वेळ आली होती. मग इतकी वर्षे ती कशी चालली? चालत नव्हतीच. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा यंत्र अडकायचे आणि घरचे म्हणायचे, व्होल्टेज कमी-जास्त झाले असेल. दोन पट्ट्या लागल्या की यंत्र मजकूर दोन्हींत वाटून ठेवते, पत्त्यांची मांडणी बदलते. पूर्वी क्वचित वापरात येणारी गळकी खोली आता विंडोजच्या रोजच्या रहदारीत आली. जुनी पट्टी काढून टाकली, एकट्या ८ जीबीवर यंत्र आज चार महिने विनातक्रार चालू आहे. मदरबोर्डाचे साडेसहा हजार वाचले. गेलेल्या अकरा रात्री मात्र भरून येत नाहीत.

दोन्ही पट्ट्या एकेकट्या उत्तम आणि जोडीने मात्र कोसळतात, असेही पुष्कळदा होते. जोडीचे भांडण असते, दोघांचाही दोष नसतो. दोन कंपन्यांच्या, दोन वेगांच्या पट्ट्या एकत्र आल्या की दोघींना कमी वेगाच्या चालीने चालावे लागते आणि मदरबोर्ड ती चाल दर वेळी बरोबर ओळखतोच असे नाही. यंत्र सुरू होताना 'डिलीट' किंवा 'एफ२' दाबून बायोसमध्ये जावे, 'लोड डिफॉल्ट' करावे, 'एक्सएमपी' चालू असल्यास बंद करावे. एक्सएमपी म्हणजे रॅमला तिच्या ठरलेल्या चालीपेक्षा पळवणे. पट्टीच्या डब्यावर छापलेला मोठा आकडा बहुधा त्याच पळण्याचा असतो. मग एक पायरी कमी वेग ठेवून आठवडाभर पाहावे. वेगातला फरक टॅलीत किंवा अभ्यासात जाणवतही नाही. चार खाचांच्या बोर्डावर दोनच पट्ट्या असतील तर त्या साधारणपणे प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावाव्यात. चारही खाचा भरल्या की भार वाढतो, वेग आणखी उतरवावा लागतो. जमेल तर दोन मोठ्या, एकाच जोडीच्या पट्ट्या घ्याव्यात.

खरेदीविषयी. डीडीआर३, डीडीआर४, डीडीआर५ यांच्या पट्ट्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत, मधली खाच वेगळ्या ठिकाणी असते. जोर लावून बसवू नये. डीडीआर३ला १.५ व्होल्ट लागतात, डीडीआर४ला १.२, डीडीआर५ला १.१. स्वस्तात मिळणाऱ्या काही पट्ट्यांवर 'फक्त एएमडीसाठी' असे बारीक अक्षरांत लिहिलेले असते. त्या इंटेलच्या बोर्डावर चालत नाहीत. मोठ्या कंपन्यांच्या जुन्या सर्व्हरमधून काढलेल्या 'रजिस्टर्ड' पट्ट्याही बाजारात फार स्वस्त असतात. त्या साध्या घरगुती बोर्डावर सुरूच होत नाहीत. २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढले आहेत, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांनी मेमरीचा माल उचलला. डिसेंबर २०२५मध्ये मायक्रॉन कंपनीने 'क्रूशल' या नावाने किरकोळ ग्राहकांना रॅम विकणे थांबवत असल्याचे जाहीर केले. भाव चढले की जुन्या पट्ट्यांचा आणि खोट्या लेबलांचा बाजारही चढतो, तेव्हा डोळे उघडे ठेवावेत.

कुठे घ्यावी असे बरेच जण विचारतात. ग्रँट रोडचा लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, हे जुने ठिकाण आहेच. दादरला गाडी बदलून जावे लागते आणि दिवस मोडतो. उल्हासनगरच्या कॅम्पांतही माल मिळतो. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी लष्करी छावणीच्या बराकींत हे गाव वसवले, ८ ऑगस्ट १९४९ला त्याला उल्हासनगर हे नाव मिळाले, आणि 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन हा विनोद तेव्हाच्या पिढीपासून चालत आला आहे. विनोद करणाऱ्यांनी करावा. मोडलेली वस्तू फेकून न देता चालती करण्याची विद्या त्या गावाकडे आहे आणि आपल्या मुलांनी ती तिथे जाऊन शिकण्यासारखी आहे. खरेदी कुठेही असो, पक्के बिल आणि बिलावर पट्टीचा सीरियल नंबर लिहून घ्यावा. नामांकित कंपन्या नव्या रॅमवर अनेक वर्षांची, कित्येकदा आजीवन हमी देतात, पण स्टिकर फाटलेले असेल तर ती जाते. हमी असून दुकानदार टोलवत असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जाता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. बिलाविना घेतलेल्या मालाचे मात्र काही सांगता येत नाही.

रॅम निर्दोष ठरली तर वीज पाहावी. चाळीत आणि जुन्या इमारतीत तीन छिद्रांचा बोर्ड असतो, पण तिसऱ्या मोठ्या छिद्राला मागे तारच जोडलेली नसते. डब्याला उलटा हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, टेस्टर पेटत असेल, तर अर्थिंग नाही असे समजावे आणि वायरमन बोलवावा. स्वतः प्रयोग करू नयेत. शेजारची पाण्याची मोटार सुरू होताना यंत्र बंद पडत असेल, तर व्होल्टेज खाली जाते आणि एसएमपीएसला तो धक्का सोसत नाही. डब्याबरोबर फुकट आलेल्या एसएमपीएसवर '४५० वॅट' लिहिलेले असते. त्या आकड्यावर फार विश्वास ठेवू नये. त्याच्या पिवळ्या तारेवर १२ व्होल्ट असावेत, ११.४च्या खाली किंवा १२.६च्या वर गेले तर तो बदलावा. हे मोजणे दुकानात पाच मिनिटांचे काम आहे, आणि नवा एसएमपीएस मदरबोर्डपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत दम सोडते, तिच्याकडेही लक्ष असावे.

बदलापूरच्या एका आईने विचारले आहे की, विंडोज १०ची मदत १४ ऑक्टोबर २०२५ला संपली, मग जुन्या यंत्रात रॅम घालण्यात शहाणपण आहे का? यंत्र त्या तारखेला बंद पडत नाही, पण सुरक्षेच्या नेहमीच्या दुरुस्त्या मिळत नाहीत. विंडोज ११ला तुलनेने नवा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागते, नुसती रॅम वाढवून ती अट पुरी होत नाही. म्हणून त्या यंत्रावर बँकेचे व्यवहार करायचे असतील तर आधी प्रोसेसरचे वय पाहावे. मुलांच्या टायपिंगला आणि अभ्यासाला असेल तर लिनक्स टाकून तेच यंत्र आणखी काही वर्षे चालेल, आणि मग ४च्या जागी ८ जीबी केलेली रॅम खरोखर उपयोगी पडेल. मुलाचा मित्र 'सोळा घाल' म्हणत असेल, तर आठवर काय अडते ते त्याला विचारावे.

काढून टाकलेल्या खराब पट्टीचे काय करावे, असेही तिने विचारले आहे. घरात 'कधीतरी उपयोगी पडेल' म्हणून ठेवू नये, कोणीतरी ती पुन्हा लावतोच. तिच्यावर पेनने फुली मारून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावी. वीज गेली की रॅममधला मजकूर पुसला जातो, त्यामुळे आपली माहिती बाहेर जाण्याची भीती तिच्यात नाही. जुनी हार्डडिस्क भंगारवाल्याला देताना मात्र ते लागू नाही. तिच्यात सगळे दाखले, फोटो, बँकेचे कागद तसेच असतात, आणि ती आधी पुसून घ्यावी लागते. ते कसे करावयाचे, ते पुढच्या अंकी.